डॉक्टरांसमोरची पाच मिनिटं

कुणी गोठ्यात असाल, कुणी चुलीपुढं, कुणी गटाच्या मीटिंगला जमून मधोमध रेडिओ ठेवून बसला असाल.

आज आम्ही कॅन्सरबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडं या आजाराचं नावसुद्धा घेत नाहीत. "तिला 'ते' निघालंय," असं हळूच म्हणतात. पण आमच्या प्रभागातल्या गटांतच आज काही बाया उपचार घेत आहेत. काहींचे उपचार संपून वर्षं झाली. त्या भांगलायला जातात, बचत भरतात, मीटिंगला मोठ्यानं भांडतातसुद्धा. त्यांच्यासोबत आम्ही बार्शीला गेलो, पुण्याला गेलो, मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. ओपीडीच्या बाकड्यांवर बसून जे कळलं, तेवढंच आज सांगायचं आहे. आजार निघाल्यावर तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायला जायचं, ते कसं?

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? गाडी धरायची, जायचं, दाखवायचं, यायचं. पण जरा हिशोब करा. पहाटे तीनला उठायचं, भाकरी बांधायची, पहिली एसटी धरायची. तिथं केसपेपरची रांग, मग नंबरची वाट. कधी चार तास, कधी सहा. आणि डॉक्टरांसमोर आपण असतो किती वेळ? पाच मिनिटं, फार तर दहा. आपल्या पुढच्या सहा-आठ महिन्यांचा निकाल त्या पाच मिनिटांत लागतो. आणि त्या पाच मिनिटांत डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बहुतेक वेळा बसलेलं असतं कोण? मालक, नाहीतर दीर, नाहीतर मुलगा. जिचा आजार ती मागं उभी, नाहीतर पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बाकड्यावर.

एका गावातल्या वहिनींचं सांगतो. नाव सांगत नाही. त्यांच्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरांनी दिरांना नीट समजावलं, की आधी केमोच्या काही फेऱ्या देऊ, गाठ लहान झाली की ऑपरेशन, आणि मग पुढचं ठरवू. दीर घरी आले आणि म्हणाले, "सुया द्यायच्यात." एवढंच वहिनींपर्यंत पोचलं. दोन सुया झाल्या आणि गाठ हाताला लागेना. वहिनींना वाटलं, देवानं ऐकलं, बरं झालं. पेरणीचे दिवस होते, घरात पैसा नव्हता. तिसऱ्या तारखेला कुणी गेलंच नाही. चार महिन्यांनी गाठ परत आली, ती दुखत आली. तेव्हा त्या स्वतः आत गेल्या आणि डॉक्टरांकडून पहिल्यांदा ऐकलं की औषधानं गाठ विरघळणं म्हणजे औषध लागू पडलं, आजार संपला असं नव्हे. "एवढं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी बैल विकून गेले असते," असं त्या म्हणाल्या. दिरांनी मुद्दाम लपवलं नव्हतं. ऐकलं एकानं आणि अंगावर घ्यायचं दुसरीनं, मधल्या वाटेत अर्धं सांडलं. वहिनींचे उपचार आता पुन्हा सुरू आहेत.

म्हणून आजच्या बोलण्याचं सार एकच आहे. जिचा आजार, तिनं आत जायचं, तिनं ऐकायचं आणि तिनं विचारायचं. बाकी जे सांगू ते या एका गोष्टीची तयारी आहे.

कुणाला भेटायचं आहे?

कॅन्सरचा डॉक्टर म्हणजे एकच डॉक्टर नसतो. ऑपरेशन करणारे वेगळे, केमो म्हणजे औषधाचे डोस देणारे वेगळे, आणि मशीनवर किरण देणारे, ज्याला आपण 'शेक देणं' म्हणतो, ते वेगळे. काचपट्टीवरचा तुकडा तपासून आजार कुठला ते सांगणारे आणखी वेगळे, त्यांची आपली भेट होत नाही. दुखणं, मळमळ, झोप न लागणं यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरांचाही एक विभाग असतो. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिकडं पाठवलं म्हणजे आशा सोडली, असं समजू नका. उपचार चालू असतानाही तिथं जाता येतं.

मोठ्या दवाखान्यात हे डॉक्टर एकत्र बसून एकेका पेशंटचे कागद बघतात आणि आधी ऑपरेशन की आधी केमो हे ठरवतात. त्यामुळे "आज या खोलीत, उद्या त्या खोलीत" असं झालं तर आपल्याला उगाच फिरवतात असं वाटून घेऊ नका. मात्र प्रत्येक खोलीत शिरताना विचारा, "डॉक्टर, तुम्ही माझ्या उपचारातलं कुठलं काम बघता?" असं विचारलं म्हणून कुणी रागवत नाही.

कागदांची पिशवी

एक प्लॅस्टिकची बटणाची फाइल घ्या. त्यात तारखेप्रमाणे कागद लावा, जुना खाली, नवा वर. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि त्याची फिल्म किंवा सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट, आधी कुठं ॲडमिट झाला असाल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड. शिवाय आधार कार्ड आणि रेशन कार्ड. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. झेरॉक्स द्या, मूळ कागद आपल्याकडं ठेवा. कुणी मूळ मागून घेतलाच तर परत कधी मिळणार ते विचारा आणि वहीत लिहा.

बायोप्सी दुसरीकडं झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. त्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तोही पहिल्या लॅबमधून मागून घ्या. मोठ्या दवाखान्यात तो पुन्हा तपासतात. तो नसला तर परत लॅबला हेलपाटा, नाहीतर परत तुकडा काढायचा. आणि तुकडा काढल्यानं कॅन्सर भडकतो हे ऐकलं असेल, तर ते मनातून काढून टाका. तपासणीशिवाय आजार कुठला, औषध कुठलं, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. बीपीची, शुगरची, थायरॉईडची, सगळी. "पांढरी गोल गोळी आहे" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

काय सांगायचं?

डॉक्टर विचारतील, कधीपासून होतंय? आपण सांगतो, "लई दिवस झालं." त्यापेक्षा सणाला धरून आठवा. पोळ्याला गाठ हाताला लागली, दिवाळीला दुखायला लागली. मग महिने मोजता येतात. दुखणं किती आहे ते शून्य ते दहा अशा आकड्यात सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नको होतो इतकं. "सहन होतंय" हा आपल्या बायांचा लाडका शब्द आहे, तो डॉक्टरांसमोर वापरू नका.

आता लाजेच्या गोष्टी. अंगावरून पांढरं किंवा दुर्गंधीचं पाणी जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, संडासच्या जागेवरून रक्त जाणं. आजाराचा पत्ता यातूनच लागतो. पुरुष डॉक्टर असले आणि बोलवत नसेल तर "मला नर्सबाईंशी बोलायचंय" असं म्हणा. तपासताना शेजारी बाई हवी असं सांगा. असं मागण्यात कमीपणा नाही.

मिश्रीचंही सांगायचं. आपल्याकडं सकाळी मिश्री लावल्याशिवाय बाईला दिवस उगवत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे. तोंडाचा आजार असो की दुसरा, डॉक्टरांना खरं सांगा, किती वेळा लावता तेही सांगा. तसंच झाडपाला, काढा, कुणी दिलेली पुडी, भस्म, वैद्याचं औषध. काही औषधं केमोच्या औषधाशी भांडतात, काहींनी लिव्हरवर ताण येतो. "डॉक्टर ओरडतील" म्हणून लपवू नका. ओरडले तर ओरडू द्या.

उपवासाचंही विचारा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. केमो चालू असताना अंगात ताकद लागते, रक्ताचा रिपोर्ट बरा लागतो. उपास करू की नको हे डॉक्टरांना विचारून ठरवा. देव वाट बघेल.

काय विचारायचं?

हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर आदल्या रात्री लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या, नाहीतर आमच्याकडं या.

पहिला, माझा आजार नेमका कुठं आहे आणि कुठल्या स्टेजचा आहे?

दुसरा, हा उपचार आजार मुळापासून काढण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?

तिसरा, एकूण किती डोस, किती दिवसांच्या अंतरानं, आणि त्यानंतर काय?

चौथा, अंगावर काय परिणाम होतील, आणि कुठला त्रास झाला तर वाट न बघता यायचं?

पाचवा, योजनेत काय बसतं आणि मला खिशातून किती लागतील?

सहावा, एखादी तारीख चुकली तर काय करायचं, फोन कुणाला करायचा?

वयानं लहान असाल आणि पुढं मूल हवं असेल तर सातवा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा: या उपचारानं मूल होण्यावर परिणाम होईल का, आणि त्याआधी काही करता येतं का? केमो सुरू झाल्यावर विचारून उपयोग कमी.

सगळे प्रश्न एका भेटीत झाले नाहीत तर पहिले तीन तरी सोडू नका. एवढं करूनही मनात शंका राहिली तर दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचं मत घेता येतं. फाइल नीट असली की तेही सोपं जातं. फक्त त्यात महिने घालवू नका.

काही शब्द असे आहेत की ते कानावर पडले की बाई घाबरते. 'स्टेज' म्हणजे आजार किती पसरलाय. 'ग्रेड' म्हणजे त्या पेशी किती वेगानं वाढणाऱ्या दिसतात. दोन्ही वेगळे, त्यामुळे ग्रेड तीन म्हणजे स्टेज तीन नव्हे. स्तनाच्या रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं. पॉझिटिव्ह वाचून रडू नका. त्याचा अर्थ असा की हा आजार बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढतो, आणि म्हणून हार्मोनला अडवणाऱ्या गोळ्या लागू पडू शकतात. त्या गोळ्या पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन निगेटिव्ह' असेल तर ती चांगली बातमी. काढलेल्या भागाच्या कडेला आजार सापडला नाही, असा त्याचा अर्थ. शब्द कळला नाही तर सरळ म्हणा, "डॉक्टर, हे मराठीत सांगा."

जाण्याच्या दिवशी

पुढून बटणं असलेला सैल ब्लाउज किंवा गाऊन घाला. तपासणी सोपी जाते, अंग उघडं ठेवावं लागतं तेही कमी. मॅमोग्राफी असेल तर काखेत पावडर लावू नका, फोटोत तिचे ठिपके उमटतात. एमआरआयला अंगावर कसलाही धातू चालत नाही. सीटीला आणि ऑपरेशनलाही मंगळसूत्र, जोडवी, कानातलं काढायला सांगतात. त्या वेळी बायांच्या पोटात कालवतं. म्हणून ते आधीच घरी ठेवा, नाहीतर सोबतिणीच्या हातात द्या. मंगळसूत्र थोडा वेळ काढल्यानं कुणाच्या आयुष्याला काही होत नाही.

काही तपासण्या उपाशीपोटी असतात, काही खाऊन. पेट स्कॅनला काही तास काही खायचं नसतं, आणि शुगर वाढलेली असली तर तारीख पुढं जाऊ शकते. आदल्या भेटीतच विचारा, खाऊन यायचं की उपाशी, आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही.

सोबत एकच जण पुरे, पण तो ऐकणारा असावा. गाडीभर माणसं गेली तर आत नेमकं गडबड करणारंच जातं. सोबतिणीनं पेशंटच्या वतीनं बोलायचं नसतं. लिहून घ्यायचं, आणि पेशंट काही विसरली तर आठवण करून द्यायची. डॉक्टरांची परवानगी घेऊन मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करता आलं तर आणखी चांगलं. घरी आल्यावर सगळ्यांनी एकत्र ऐकावं.

खोलीतून उठण्याआधी एक गोष्ट नक्की करा. जे कळलं ते आपल्या शब्दांत परत सांगा. "म्हणजे डॉक्टर, दर एकवीस दिवसांनी एक, असे चार डोस, आणि प्रत्येक डोसाआधी रक्त तपासून यायचं, असंच ना?" चुकलं असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त होतं. ही सवय लागली, तर वहिनींसारखं मधल्या वाटेत काही सांडत नाही.

सही कुणाची?

ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही घेतात. ही सही, नाहीतर अंगठा, तुमचा असायला हवा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात बाईला तपासणीसाठी भूल दिलेली होती, आणि तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढून टाकलं होतं. जिवावरचा तातडीचा प्रसंग सोडला तर प्रौढ बाईच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःचीच संमती लागते, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणून काय काढणार, किती काढणार, स्तन वाचवता येईल का, पिशवीसोबत आणखी काय काढणार, हे समजून घेतल्याशिवाय सही करू नका. कागद इंग्रजीत असेल तर वाचून दाखवायला सांगा.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. "तिला सांगू नका, ती खचेल," असं तुम्ही प्रेमानंच म्हणता. पण केस गळतात, वॉर्डात शेजारी तसल्याच बाया असतात, तिला कळतंच. मग ती एकटीच ते मनात घेऊन रात्र काढते. सांगा, आणि शेजारी बसा.

पैशाचं काय?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतल्या दवाखान्यांत मिळतात. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, किरणोपचार त्यात येतात. दवाखान्यात शिरल्यावर 'आरोग्यमित्र' कुठं बसतात ते विचारा. उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून पैसे भरून मग योजनेकडं जाऊ नका, आधी आरोग्यमित्रांकडं जा. दवाखाना यादीत आहे का हे घरूनच विचारता येतं. नंबर लिहून घ्या, १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. फोन फुकट आहे.

एसटीला १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाण्यायेण्यासाठी स्लीपर डब्यात पूर्ण सवलत असते आणि सोबतच्या एका माणसाला तीन-चतुर्थांश. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यावर दवाखान्याचा सही-शिक्का लागतो.

किरणोपचार साधारण आठवड्यातले पाच दिवस आणि असे काही आठवडे चालतात. रोज गावाहून जाणं जमत नाही. मुंबईला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या ठिकाणी पेशंट आणि नातेवाइकांची कमी खर्चात सोय होते. जागा लगेच मिळेलच असं नाही. म्हणून दवाखान्याच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन विचारा. औषधासाठी मदत करणाऱ्या ट्रस्टची माहितीही तिथंच मिळते.

घरी आल्यावर

केमो चालू असलेल्या घरात थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा ताप जिवावर बेतू शकतो. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजून आली, तर रात्र असो की पहाट, घरची गोळी घेऊन वाट बघायची नाही. दवाखान्याच्या नंबरवर फोन करा. लांब असेल तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि दारातच सांगा, "केमो चालू आहे." हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहून फाइलला चिकटवून ठेवा.

हा आजार शिवाशिवीनं होत नाही. तिचं ताट, तिचं अंथरूण, तिची चहाची कपबशी वेगळी करायचं काही कारण नाही. उलट सर्दी-खोकला झालेल्यांनी तिच्यापासून लांब राहायचं, कारण धोका तिलाच आहे.

उपचार संपले म्हणजे भेटी संपल्या असं नाही. स्तनाच्या आजारात पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात, मग वर्षातून एकदा. आमच्या बाया सांगतात, तारीख जवळ आली की आठवडाभर भाकरी गोड लागत नाही. "परत निघालं तर?" ही भीती सगळ्यांनाच असते. तीही डॉक्टरांना सांगा. पण भीती वाटते म्हणून तारीख टाळू नका.

गटानं काय करायचं?

आता गटाच्या बाजूनं बोलतो. आजारी बाईला तारीख का चुकवावी लागते, याचा आम्ही शोध घेतला. दरवेळी कारण पैशाचं नसतं. शेरडांना कोण बघणार, दूध डेअरीला कोण घालणार, पोरांचा डबा कोण करणार, सासूबाईंना कोण वाढणार, हीच कारणं जास्त. म्हणून आमच्या काही गटांनी पाळी लावली. ज्या दिवशी तिची तारीख, त्या दिवशी तिच्या घरचं काम कुणाकडं हे आधीच वहीत लिहिलेलं असतं. अंतर्गत कर्ज देताना प्रवास आणि राहण्याचा खर्च हे कारण पहिल्या नंबरवर घ्या, आणि उपचार चालू असेपर्यंत तिच्या हप्त्याचं वेळापत्रक ठराव करून बदला. तसा ठराव घेण्याचा अधिकार गटाला आहे.

प्रत्येक गटात एक सोबतीण ठरवा. थोडंफार लिहिता येणारी, मोबाइल चालवता येणारी, आणि तोंड बंद ठेवणारी. दवाखान्यात जे ऐकलं ते पाणवठ्यावर जाता कामा नये. आशाताईंशी तिची ओळख हवी. तीस वर्षांवरच्या बायांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रामार्फत होते, तिथं गटातल्या सगळ्यांना नेण्याचं कामही तिचंच.

पुढच्या मीटिंगला एक काम करा. बचत गोळा झाली की वर सांगितलेले सहा प्रश्न मोठ्यानं वाचा, आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा. मग दोघींनी पुढं या. एकीनं डॉक्टर व्हायचं, एकीनं पेशंट, आणि ते प्रश्न विचारून बघायचे. पहिल्यांदा हसू येईल, येऊ द्या. ज्या बाईनं भरल्या मीटिंगमध्ये हे प्रश्न एकदा मोठ्यानं विचारले, तिची जीभ डॉक्टरांसमोर अडखळत नाही, हे आम्ही पाहिलं आहे.